कंधारचें दफ्तर आणि त्याचीं लिप्यंतरें

राज्यें बदलतात त्याचा इतिहास लिहिला जातो. दफ्तरें बदलतात त्याचा कोणी लिहीत नाहीं. किल्ला कोणी घेतला, कोणत्या सालीं घेतला, किल्लेदार शरण आला कीं लढून पडला, हें सारें बखरकार सांगतो, तवारीखनवीस सांगतो आणि शाळेंतला मुलगाहि परीक्षेपुरतें पाठ करतो. परंतु किल्ला पडल्यावर जो नवा कारकून कचेरींत येऊन बसला, त्याच्या पुढ्यांतला कागद कोणत्या लिपींत होता, आणि तो त्याला वाचतां येत होता कीं नव्हता, हा प्रश्न इतिहासकारास क्वचितच सुचतो. ज्या शेतकऱ्याचें शेत त्या कागदावर होतें, त्याच्या दृष्टीनें मात्र किल्लेदाराच्या पराक्रमापेक्षां हाच प्रश्न मोठा होता.

हा विषय आज हातीं घेण्यास कारण घडलें आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. मराठवाड्यांतील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी जातीच्या नोंदी कोठें कोठें आहेत त्याचा शोध घ्यावा, असें काम तिच्याकडे होतें. आरक्षणाच्या वादांत आम्हांस येथें पडावयाचें नाहीं; तो वाद वाचकांस वर्तमानपत्रांतून पुरेसा ठाऊक आहे. आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीकडे. तहसिलींतले रुमाल सोडले गेले, बस्ते उघडले गेले, आणि आंत जो कागद निघाला तो वाचणार कोण, असा प्रश्न उभा राहिला. कांहीं कागद मोडी, कांहीं उर्दू. ज्या कचेऱ्यांचा सारा व्यवहार दोन-तीन पिढ्यांपूर्वीं याच दोन लिप्यांत चालला, त्या कचेऱ्यांना मोडी वाचणारे व उर्दू वाचणारे बाहेरून शोधून आणावे लागले. आपल्याच आजोबांचें पत्र वाचावयास परक्यास बोलवावें लागावें तसा हा प्रकार झाला.

दफ्तराचें लिप्यंतर ही केवळ नकलेची हमाली आहे, अशी जी सामान्य समजूत आहे ती चूक आहे असें आम्ही म्हणतों. एका लिपींतून दुसरींत, एका नमुन्यांतून दुसऱ्यांत, एका साधनावरून दुसऱ्यावर कागद नेतांना दर वेळीं कांहीं तरी गळतें. आणि विशेष हें कीं, प्रत्येक वेळीं गळणारी वस्तु निराळी असते. उदाहरणादाखल आम्ही कंधार तालुका घेतों.

कंधार हें नांदेडच्या दक्षिणेस मन्याड नदीच्या कांठचें जुनें ठाणें. राष्ट्रकूटांच्या काळीं, म्हणजे दहाव्या शतकांत, हें गांव वैभवांत होतें. तिसऱ्या कृष्णाशीं (इ. स. ९३९ ते ९६७) त्याचें नांव जोडलेलें आहे, व येथें सांपडलेल्या संस्कृत शिलालेखांत जगत्तुंगसमुद्र नांवाच्या तलावाचा उल्लेख आहे. भोंवतीं खंदक असलेला भुईकोट किल्ला अजून उभा आहे. शिलालेख हेंहि एका परीनें दफ्तरच. परंतु तें एकदांच लिहिलें जातें, त्याची दर पिढीस नक्कल करावी लागत नाहीं, आणि म्हणूनच त्यांत नक्कलकाराच्या चुका शिरत नाहींत. खरी कथा कागदापासून सुरू होते.

कागद आला तो फारशी घेऊन आला, आणि त्यानें पहिली गंमत गांवाच्या नांवाचीच केली. फारशींत ‘क’ ला दोन अक्षरें आहेत. एक साधें, दुसरें घशाच्या मुळाशीं उच्चारावयाचें. मुनशांनीं कंधार लिहितांना दुसरें अक्षर वापरलें, कारण अफगाणिस्तानांतलें कंदाहार त्यांच्या हाताच्या सवयीचें होतें. शहाजहानच्या फौजेनें दक्षिणेंतलें कंधार १६३१ सालीं घेतलें. अफगाण कंदाहार त्याच बादशहाच्या कारकीर्दींत १६३८ सालीं मोंगलांच्या हातीं आलें आणि १६४९ सालीं कायमचें गेलें. सात वर्षांच्या अंतरानें जिंकलेले, एकाच वर्णावळीनें लिहिलेले हे दोन किल्ले. वाचणारानें संदर्भ न्याहाळला नाहीं तर मन्याडच्या कांठावरून तो हिंदुकुशाच्या पायथ्याशीं गेलाच म्हणून समजावें. याकरितांच जुन्या लेखनांत ‘कंधार दखन’ असें शेपूट या नांवास जोडावें लागलें.

फारशी सरकारची, परंतु गांवचा कागद मोडीचा. या प्रांतांत देशमुख-देशपांडे परगण्याचा व पाटील-कुळकर्णी गांवचा हिशेब पाहत, आणि कुळकर्ण्याच्या हातांत बोरू होता तो मोडीचा. मोडी हेमाडपंतानें आणली अशी परंपरा आहे. तिची शहानिशा येथें करण्याचें प्रयोजन नाहीं. तिचा गुण कोणता तेवढें पाहूं. आधीं कागदाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत शिरोरेघ ओढून ठेवावयाची, मग बोरू शक्य तितका न उचलतां अक्षरें खालीं लोंबत सोडीत जावयाचें. शब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्हें जवळ जवळ नाहींत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाहीं. पाटलानें सांगितलें आणि कुळकर्ण्यानें लिहिलें, इतकी ती वेगाची लिपि. या वेगाची किंमत वाचणारानें मोजावयाची. ‘दिन’ कीं ‘दीन’ हें मोडी सांगत नाहीं. शब्द कोठें तोडावा हेंहि सांगत नाहीं. परंतु मराठींतला ‘ळ’ तिनें सांभाळला, ‘ण’ सांभाळला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

अशा रीतीनें एकाच शेताच्या दोन नोंदी दोन भाषांत, दोन लिप्यांत, एक उजवीकडून डावीकडे व दुसरी डावीकडून उजवीकडे, शेजारीं शेजारीं नांदत होत्या. हिशेबांतले आंकडेसुद्धां दोन तऱ्हेचे. मराठी आंकडे वाचकांस परिचित आहेतच. फारशी दफ्तरांत मात्र सियाक नांवाची एक पद्धति होती, तींत अरबी संख्यावाचक शब्द आंखडून त्यांचींच चिन्हें बनविलेलीं असत. ती ज्यास येते त्यास रक्कम वाचतां येते, येत नाहीं त्यास नुसत्या वेलबुट्ट्या दिसतात. खाडाखोड करून रक्कम फुगविणें त्यामुळें कठीण जात असे, हा तिचा फायदा. आणि ती शिकलेलीं घराणीं संपलीं कीं रक्कमहि मुकी होते, हा तोटा.

दफ्तराची भाषा बदलावी हा विचार कांहीं नवा नव्हे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांनीं राज्यव्यवहारकोश सिद्ध केला व फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले. त्यांतले कांहीं टिकले, पुष्कळ टिकले नाहींत. ‘दफ्तर’ हा शब्द मूळ धरून बसला तो आजपर्यंत हललेला नाहीं. आम्हीहि या लेखाच्या मथळ्यावर तोच घातला आहे.

आतां आपण मुख्य भागाकडे येऊं. १७२४ नंतर दक्षिणेचा कारभार आसफजाही घराण्याकडे गेला. कंधार त्या राज्यांत १९४८ पर्यंत राहिलें. इंग्रजी मुलखांत फारशीची सद्दी १८३७ सालींच संपली होती. हैदराबादेंत ती पुढें जवळ जवळ अर्धें शतक चालली. १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनीं जुनी मक्तेदारी मोडून जिल्हे पाडले, तहसिलदार नेमले, वसुलाची घडी बसविली. आणि ते वारल्यानंतर १८८४ सालीं फारशीच्या जागीं उर्दू राजभाषा झाली. येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. फारशीवरून उर्दूवर जातांना लिपि बदलली नाहीं, नमुने बदलले नाहींत, पारिभाषिक शब्द तर बहुतेक तेच राहिले. बदललीं तीं क्रियापदें. म्हणून हें स्थलांतर इतक्या निमूटपणें पार पडलें कीं, जुन्या मुनशास नव्या कागदावर बसावयास फारशी अडचण आली नसावी. मागील साऱ्या इतिहासांत हेंच एक स्थलांतर सोपें झालें, आणि तें सोपें झालें याचें श्रेय आम्ही त्यांत जें बदललें नाहीं त्यास देतों.

कठीण होतें तें दुसरें. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी व मोजणी झाली, प्रत्येक शेतास क्रमांक मिळाला, क्षेत्र एकर-गुंठ्यांत मांडलें गेलें, आकार ठरला, आणि गांवोगांवचें सेतवार तयार झालें. १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ च्या सुमाराचा, जमीन महसुलाचा कायदा या सर्व व्यवस्थेचा पाया बनला. छापील रकाने आले. गांवांत पटवारी मोडींत लिही आणि तहसिलींत तेंच उर्दूंत उतरे. बोलणारा मराठी, ऐकणारा मराठी, परंतु कायम होणारी नोंद उर्दू.

उर्दूंत ‘ळ’ नाहीं, आणि ‘ण’ हि नाहीं. आतां कंधार परिसरांतल्या गांवांचीं नांवें वाचकांनीं मोठ्यानें म्हणून पाहावींत: कुरुळा, फुलवळ, गऊळ, बारूळ, आणि एके काळीं याच तालुक्यांत असलेलें, आज लोहा तालुक्यांत गेलेलें माळाकोळी. जणूं सरस्वतीनें या टापूवर ‘ळ’ ची खैरातच केली आहे! हीं सारीं नांवें उर्दू दफ्तरांत ‘लाम’ या एकाच अक्षरानें लिहिलीं गेलीं. गांवाचें तितकेंसें बिघडत नाहीं, कारण गांव जेथल्या तेथें असतें व लोक त्यास बरोबर नांवानेंच हांक मारतात. माणसांचें बिघडतें. आडनांव काळे असलें तर तें ‘काले’ होतें, जात कोळी असली तर ‘कोली’ होते. आणि जातीच्या दाखल्याच्या प्रकरणांत एका अक्षराचा फरक किती महाग पडतो हें ज्यांच्या घरीं तें प्रकरण झालें त्यांस विचारावें.

‘कुणबी’ या शब्दाचीच गोष्ट पाहा. उर्दूंत तो चार अक्षरांचा: काफ, नून, बे आणि ये. पहिल्या अक्षराचा उकार लिहिण्याची चाल नाहीं, तेव्हां तो ‘कुनबी’ कीं ‘कनबी’ हें वाचणारानें आपल्या मनानें ठरवावें. ‘ण’ चा ‘न’ आधींच झाला. आतां शब्दाच्या मध्यभागीं येणारीं नून आणि बे हीं दोन्ही अक्षरें आकृतीनें सारखींच, एकेका दांत्याचीं. भेद काय तो नुक्त्याचा, एकाचा वर आणि दुसऱ्याचा खालीं. घाईनें लिहिणारा मुनशी शिकस्ता वळणांत नुक्ते गाळीत असे. नुक्ते गळले कीं उरतात ते दोन दांते, आणि त्या दोन दांत्यांवर आज एका कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो. ज्यास आजूबाजूच्या नोंदी, त्या मुनशाचें वळण आणि त्या गांवच्या जाती ठाऊक आहेत तो बरोबर वाचील. नुसती उर्दू येणारा वाचीलच असें नाहीं. समितीच्या कामांत जाणकारांची जी वाण भासली ती लिपि जाणणारांची जितकी, तितकीच हें वळण जाणणारांची होती.

कालगणनेचाहि असाच गोंधळ. हैदराबादेंत फसली सन चाले, त्याचे महिने इराणी नांवांचे, आणि वर्षारंभ आझर महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबरांत. फसली सनांत ५९० मिळवावे कीं इसवी सन येतो, असें ढोबळ सूत्र सांगतात. तें ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांपुरतें खरें. जानेवारीपासून पुढें ५९१ मिळविले पाहिजेत. हक्कनोंदीचा जो विनियम १३५८ फसलीचा म्हणून प्रसिद्ध आहे, तें वर्ष १९४८ च्या ऑक्टोबरांत सुरू होऊन १९४९ मध्यें संपलें. कारकुनानें महिना न पाहतां बेरीज केली तर खरेदीखत एक वर्ष अलीकडे-पलीकडे सरकतें. आणि मुदतीच्या कायद्यांत एका वर्षानें दावा बुडतो किंवा तरतो.

याच सुमारास राजधानींत मोठें भाषांतराचें काम चाललें होतें, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमानें सुरू झालें. त्याच्या आधींच भाषांतराचा एक स्वतंत्र विभाग निघाला होता, आणि वैद्यक, गणित, कायदा, पदार्थविज्ञान यांचे ग्रंथ त्यानें उर्दूंत आणले. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. मात्र ज्या प्रजेंत मराठी, तेलुगु व कानडी बोलणारेच बहुसंख्य, तिला ती ‘देशी भाषा’ कितपत देशी वाटली असेल हा प्रश्न उरतोच. १९४८ नंतर तें माध्यम गेलें, आणि त्या ग्रंथांना वाचक उरले ते थोडे.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनें निजामाचें राज्य भारतांत विलीन झालें. त्यानंतरचीं आठ-दहा वर्षें आमच्या मतें या साऱ्या कथेंतलीं सर्वांत नाजूक. कारण या काळांत दफ्तराची भाषा, लिपि, सन आणि नाणें हीं चारी एकदम बदलत होतीं, आणि नेमक्या याच काळांत कुळांचे हक्क ठरत होते. १९५० सालीं हैदराबादचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. रक्षित कुळ म्हणून ज्याचें नांव नोंदलें गेलें त्यास संरक्षण मिळालें, आणि पुढें त्यांतल्या कित्येकांस जमिनीची मालकीहि मिळाली. ज्याचें नांव नोंदलें गेलें नाहीं, किंवा असें नोंदलें गेलें कीं पुढच्या कारकुनास तें जुळवितां आलें नाहीं, त्याचें काय झालें तें सांगावयास नकोच. १९५१ ची कुळनोंदवही व १९५४-५५ चें खासरा पत्रक हे कागद आजहि मराठवाड्यांत जमिनीच्या दाव्यांत आधाराला काढले जातात. सोन्याचें नाणें पारखावें तसे वकील ते पारखतात, आणि ते लिहिले गेले उर्दूंतून मराठींत येण्याच्या त्या संधिकालांत!

नाण्याचा भाग थोडक्यांत सांगतों. निजामाचा हाली शिक्का व सरकारी कलदार यांचें प्रमाण सात हाली रुपयांस सहा कलदार असें होतें. जुन्या कागदावर सात रुपये आकार असेल तर नव्या कागदावर सहा आला पाहिजे. शेतकऱ्यास वाटे सारा कमी झाला, किंवा जुनी पावती दाखविली कीं वाटे तो वाढला; वस्तुतः दोहोंपैकीं कांहींच झालेलें नसे. पुढें दशमान पद्धति आली तेव्हां एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. गुंठा आणि आर हे जवळ जवळ सारखेच, परंतु अगदीं सारखे नव्हत. गुंठा किंचित् मोठा. एका शेतांत हा फरक नजरेंत भरत नाहीं, भावाभावांच्या वांटणींत बरोबर भरतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. १९६४ चा राजभाषा अधिनियम, १९६६ ची जमीन महसूल संहिता आणि १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम यांनीं साऱ्या राज्याचे नमुने एक केले. गांव नमुना सात व गांव नमुना बारा मिळून ‘सातबारा’ हा शब्द कंधारच्याहि तोंडीं बसला. शब्दांसाठीं शासनानें पदनाम कोश काढला. टीकाकारांनीं त्यास ‘बदनाम कोश’ म्हटलें. ती थट्टा त्या वेळीं पुष्कळ रंगली. आम्हांस मात्र ती थोडी अनुदार वाटते. कारण त्या कोशांतलेच शब्द आज आपण सहज बोलतों, आणि थट्टा करणारांनीं सुचविलेले शब्द कोणास आठवत नाहींत. मोडीचें शिक्षण याच सुमारास शाळांतून मावळलें. छापखान्यास ती कधींच मानवली नव्हती. विल्यम केरीनें श्रीरामपुरास मराठी कोश १८१० सालीं मोडी टंकांत छापला होता खरा, परंतु एकमेकांस बिलगणारीं अक्षरें सुट्या खिळ्यांनीं जुळविणें हें मोठें कष्टाचें काम. पुढें मराठी मुद्रण बाळबोधाकडे वळलें, आणि टंकलेखन यंत्रानें उरलेंसुरलें काम केलें.

अशीं स्थलांतरें इतरत्रहि झालीं. तुर्कस्तानानें १९२८ सालीं अरबी लिपि टाकून रोमन स्वीकारली. कायदा नोव्हेंबरांत झाला आणि नव्या वर्षापासून अंमल बसला. साक्षरता वाढली हें खरें, आणि नातवास आजोबाच्या कबरीवरील लेख वाचतां येईनासा झाला हेंहि खरें.

यापेक्षांहि निराळें असें एक अगदीं अलीकडचें उदाहरण संगणकाच्या जगांतलें आहे. माणसानें लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेंत उतरविणारें जें साधन, त्यास कंपायलर म्हणतात. १९८७ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनीं मिळून चालविलेला, ज्याचा मूळ मजकूर कोणासहि पाहतां व सुधारतां येतो, असा जी. सी. सी. नांवाचा एक कंपायलर आहे. त्याची माहितीपुस्तकें टेक्सइन्फो नांवाच्या जुन्या पद्धतीनें लिहिलेलीं. तीं स्फिंक्स नांवाच्या नव्या पद्धतींत आणावींत असें ठरलें. स्फिंक्स ही २००८ सालीं पायथन या भाषेच्या पुस्तकांकरितां निघालेली, दिसण्यास देखणी व लिहिण्यास सोपी. पुष्कळ परिश्रमानें नोव्हेंबर २०२२ मध्यें तें स्थलांतर झालें, आणि आठवड्याच्या आंत तें मागें घ्यावें लागलें! राहिलेल्या कामांची यादी हाताबाहेर गेली. जुन्या पुस्तकांत जें सहज साधत होतें त्यांतलें कांहीं नव्या साधनास साधेना. आज तीं पुस्तकें पुन्हां टेक्सइन्फोंत आहेत. परंतु आम्हांस यांत हेवा वाटण्याजोगी गोष्ट दिसते ती अशी कीं, त्या मंडळींस मागें जातां आलें. प्रत्येक फेरफाराची अगोदरची स्थिति त्यांच्यापाशीं जशीच्या तशी जपून ठेवलेली होती. कंधारच्या कारकुनास ही सोय नव्हती. त्यानें नक्कल केली, मूळ रुमाल माळ्यावर टाकला, आणि वाळवीनें आपला धर्म पाळला.

आतां शेवटचें स्थलांतर. गेल्या शतकाच्या अखेरीस सातबारा संगणकावर येऊं लागला. पहिल्या काळांत संगणकावरील मराठी म्हणजे मोठें अराजक होतें. प्रत्येक फाँटाचे संकेत निराळे. एकानें लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला कीं नुक्ते गळलेल्या शिकस्त्याहून वाईट दशा. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासूनच होती, परंतु कचेऱ्यांतून ती रुळावयास पुष्कळ वर्षें गेलीं. आणि रुळल्यावरहि एक चमत्कार उरलाच. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दांतील तो अर्धचंद्रासारखा ‘र’ दोन निरनिराळ्या संकेतांनीं लिहितां येतो. डोळ्यांस दोन्ही शब्द एकच, यंत्रास दोन. एका पद्धतीनें टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीनें शोधला तर यंत्र ‘असा शब्द नाहीं’ म्हणून सांगतें. उर्दूंत दोन अक्षरें एकसारखीं दिसत. येथें एकच अक्षर दोन झालें.

हस्तलिखित सातबारा व संगणकीय सातबारा यांत फरक आढळूं लागले, तेव्हां चुका दुरुस्त करण्याच्या मोहिमा निघाल्या. त्यांत २०१७ सालीं झालेलें चावडीवाचन आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. गांव जमवावयाचें, संगणकांतून निघालेला उतारा मोठ्यानें वाचावयाचा, आणि ज्याचें नांव, क्षेत्र किंवा वारस चुकला असेल त्यानें तेथल्या तेथें सांगावयाचें. सहस्रावधि रुपयांचीं यंत्रें आणि अखेर कसोटी कसली, तर पारावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानाची! ज्यास मोडी येत नाहीं, उर्दू येत नाहीं, बाळबोधहि धड येत नाहीं, त्यास आपल्या बापाचें नांव बरोबर म्हटलें कीं नाहीं एवढें नक्की कळतें. सर्वच गांवीं हें वाचन मनापासून झालें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु कल्पना अस्सल आहे, आणि ती १९५१ सालीं झाली असती तर पुष्कळ दावे उभेच राहिले नसते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला.

युनिकोडमध्यें मोडीसहि २०१४ सालीं स्थान मिळालें. तिच्या अक्षरांस क्रमांक मिळाले म्हणजे यंत्रास ती वाचतां येऊं लागली असें नव्हे. मोडीचा हस्तलिखित कागद बहुतांशीं डोळ्यांनींच वाचावा लागत आला आहे. कित्येकांचें म्हणणें असें कीं, कागदांचीं छायाचित्रें घेऊन ठेवलीं म्हणजे झालें, वाचणारे मागाहून मिळतील. आम्हांस हें पटत नाहीं. याच नांदेड जिल्ह्यांत माहूर हें महानुभावांचें मोठें ठाणें. त्या पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपि नांवाच्या सांकेतिक लिपींत शतकानुशतकें जपले. कागद शाबूत होता, मजकूर शाबूत होता. तरी विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती लिपि उलगडीपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकांच्या दृष्टीनें ते ग्रंथ असून नसल्यासारखेच होते. तेथें निदान पंथांत तरी जाणते होते. कंधारच्या रुमालांस असा पंथ नाहीं.

समितीच्या शोधांत सांपडलेल्या नोंदींच्या प्रतिमा आतां जिल्हावार साठविल्या जात आहेत, आणि प्रत्येक प्रतिमेबरोबर तिचें देवनागरी वाचन ठेवावें लागतें. वाचन करणारानें कोणतें अक्षर डोळ्यांनीं पाहिलें आणि कोणतें अंदाजानें भरलें, हें त्या वाचनाशेजारीं लिहून ठेवण्याची पद्धत पडावी असें आम्हांस वाटतें. जुने कोरीव लेख छापणारे विद्वान कंस घालून हेंच करीत आले आहेत, आणि त्यास खर्च असा कांहींच नाहीं. कारण वाचन चालतें तें असें: उर्दू कागदावर काफ, रे, लाम, अलिफ एवढीं अक्षरें दिसतात, जाणकार ‘कुरला’ म्हणून वाचतो, शेजारचा तलाठी हंसतो, आणि देवनागरींत ‘कुरुळा’ असें लिहून घेतो.